मुलुंडचा समुद्र

मुलुंडला समुद्र नाही. पूर्वेला मिठागरं आहेत, त्यांच्यापलीकडे खाडी आहे, वारा फिरला की एक खारट, कुजका वास येतो. पण त्याला समुद्र म्हणायचं तर आमच्या माणदेशातल्या ओढ्याला गंगा म्हणावं लागेल. तरीही मुलुंडच्या एका चाळीत मी चार वर्षं समुद्रासमोर झोपलो. सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा दिसायचा एक बांगडा. तो माझ्याकडे बघत असायचा. माशाला पापण्या नसतात हे शाळेत शिकलो होतो, पण त्याचा त्रास काय असतो ते त्या चार वर्षांत कळलं.

हा सगळा उद्योग आमच्या घरमालकांचा. मी त्यांना काका म्हणायचो, चाळ पाठीमागे काहीही म्हणायची. मूळचे मालवणच्या बाजूचे. तीस वर्षं लालबागकडच्या एका गिरणीत रंगखात्यात होते, म्हणजे कापडावर छापायचे रंग कालवायच्या कामावर. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि ज्या माणसाला रोज आठ तास कुणाशी तरी वाद घालायची सवय होती तो कायमचा घरी बसला. चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या, मध्ये दार. आतल्या खोलीत ते आणि काकी, बाहेरची मला दिलेली. मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. रेघ केसभर हलली तरी साहेब कागद अंगावर फेकायचे. काका मला ‘इंजिनेर’ म्हणत. मी इंजिनिअर नाही हे पहिल्या महिन्यात चार वेळा सांगितलं, मग सोडून दिलं. त्या घरात सोडून द्यायची ती माझी सुरुवात होती.

खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती. “खोली तुझी, भिंत माझी.”

मला वाटलं, खिळे मारू नकोस म्हणत असतील. मी आनंदानं मान डोलावली. श्रावण लागला त्या सकाळी माझी खाट खोलीच्या मधोमध, खाटेवर माझी ट्रंक, ट्रंकेवर माझे इस्त्रीचे कपडे, आणि काका बादलीत चुना ढवळतायत असं दृश्य दिसलं, तेव्हा अट कळली.

त्यांच्या गावाकडची रीत अशी की गणपती ज्या भिंतीसमोर बसतो ती दर वर्षी नव्यानं रंगवायची. आधी चुना, त्यावर देवादिकांची चित्रं. ती वर्षभर राहतात आणि पुढच्या श्रावणात पुन्हा त्यांच्यावर चुना. गावी या कामाला चितारी येतात. मुंबईत कोण येणार, म्हणून काका स्वतःच रंगवायचे. आणि गणपती बाहेरच्या खोलीतच बसायला हवा, म्हणजे माझ्या. एवढी मेहनत दर वर्षी पुसता कशाला, जुनीच भिंत चालवा की, असं मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“गेल्या वर्षाच्या भिंतीसमोर गणपती बसवचो म्हणजे पावण्याक उष्ट्या पानार जेवक वाढूचा. तुमच्याकडे वाढतत?”

आमच्याकडे नाही वाढत, असं कबूल करावं लागलं.

महिनाभर मग माझी जी काही दुर्दशा व्हायची ती सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. रंग सगळे घरचे. गेरू, कपड्यांना घालायची नीळ, दिव्याची काजळी. ते चिकटायला डिंक आणि उकड्या तांदळाची पेज. काकी रोज सकाळी मोठं भांडं भरून पेज करायच्या. अर्धी काका प्यायचे आणि अर्धी भिंत. मध्येच तंद्रीत वाट्या बदलायच्या. निळ्या मिशा घेऊन ते खाली नळावर गेले की बायका पदर तोंडावर धरायच्या. कुंचला म्हणजे शिंदीची काडी, टोक दातांनी चावून मऊ केलेली. ती दिवसभर त्यांच्या तोंडात असायची, त्यामुळे ते जे बोलत त्यातलं निम्मं कळत नसे आणि दुसऱ्यांदा विचारलं की भडकत. शेजारच्या एका बाईंनी पिवळ्या रंगासाठी हळद वापरा असं सुचवलं, तर काडी तोंडातून काढून ओरडले, “चुन्यार हळद? कुंकू होतला! तीस वर्षा रंगात घालवलंय मी!”

माझ्या क्लच पेन्सिलीनं ते नीळ ढवळायचे. एकदा मी घरी आणलेल्या पंपाच्या ड्रॉइंगवर निळा ठिपका पडला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “हा कुठला व्हॉल्व्ह?” घरी येऊन तणतणलो. काकींनी कुळथाची पिठी आणि उकडा भात वाढला, वर तळलेली सांडगी मिरची. बाजरीच्या भाकरीवर वाढलेला मी पहिल्या वर्षी त्या जाड्या भाताला नाक मुरडायचो, दुसऱ्या वर्षी दोनदा मागून घ्यायला लागलो. जेवताना माणसाला नीट रागावता येत नाही, हे त्या माउलीला पक्कं ठाऊक होतं.

आता मासे. काकांना माशांशिवाय एक दिवस जमत नसे, आणि श्रावण ते कडक पाळायचे. भिंत रंगवायची ती नेमकी श्रावणात. म्हणजे जो महिना पोटात मासा जात नाही त्याच महिन्यात हातात रंग. व्हायचं ते व्हायचं. त्यांची प्रत्येक कथा पाण्यात घडायची. सेतुबंधन, समुद्रमंथन, मत्स्यावतार, कालियामर्दन. देव कोपऱ्यात, मासे मधोमध. एका वर्षी गजेंद्रमोक्ष होता. सरोवरात हत्तीचा पाय धरून मगर, आणि तिच्याभोवती बांगडे, मोरी मासे, शेवंड. मी म्हटलं, “काका, तळ्यात बांगडे?”

“हत्ती तळ्यात चलता, आणि बांगडे चलत नाय?”

मी माझी खाट आणखी एक फूट मागे ओढली.

आणि ते मासे असे की बोट लावावं तर खवले हाताला यावेत. कारण हा माणूस श्रावणात रोज मासळीबाजारात जायचा, नुसता बघायला. कोळणीच्या पाटीसमोर उकिडवा बसून पापलेटाच्या डोळ्यात बघत राहायचा. एकदा मी भाजी घ्यायला गेलो तेव्हा ती कोळीण यांच्यावर तोंड टाकत होती. “घेयाचा नाय त बसतंस कशाला? माझे पापलेटला नजर लावशील!” काका शांतपणे उठले आणि मला बघून म्हणाले, “डोळ्यांनी खाल्लेला श्रावणात चलता.”

हेही एकवेळ मी सोसलं असतं. पण मला त्यांनी असुर केलं.

समुद्रमंथन हा त्यांचा आवडता विषय, एक वर्षाआड ठरलेला. वासुकीच्या शेपटीकडे देव, तोंडाकडे असुर. त्यातला पहिला असुर, अगदी फण्याला धरून ओढणारा, तो मी. चष्म्यासकट. त्यासाठी मला माझीच वळकटी छातीशी धरून, पाय फाकवून, दात आवळून उभं राहावं लागायचं, आणि दारात चाळीतली निम्मी बिऱ्हाडं जमायची. “अरे, जरा जोर लाव ना!” असं समोरच्या खोलीतला रेल्वेतला माणूस ओरडायचा. गणपतीच्या पाच दिवसांत जो कोणी दर्शनाला येई तो आधी देवाला हात जोडी, मग माझ्याकडे बघी, मग भिंतीकडे आणि पुन्हा माझ्याकडे. एकदा मी चिडून विचारलं, “मला देवांत का नाही घालत?”

“असुराक काय झाला? आंगापिंडान बरो दिसतंस.”

देव मात्र सगळे एका साच्यातले. तेच नाक, तेच डोळे, ओळीनं उभे. असुर प्रत्येक वेगळा. कुणाला देवीचे व्रण, कुणाचा एक दात पुढे, कुणाच्या कानावर विडी. मला वाटायचं, म्हातारा देवांच्या बाबतीत आळस करतो.

भटजींचा किस्सा याच समुद्रमंथनातला. माझं तिसरं वर्ष. चतुर्थीला सकाळी भटजी आले, पाटावर बसले, सहज वर बघितलं आणि बोटं मोजायला लागले. लक्ष्मी, कौस्तुभ, पारिजातक, चंद्र, ऐरावत, सात तोंडांचा घोडा, शंख... तेराव्या बोटाला थांबले. पुन्हा मोजलं.

“धनुष्य कुठाय?”

काका खाकरले. “काय तां?”

“चौदा रत्नं असतात. तेरा दिसतायत. आणि तिथे, शंखाच्या शेजारी, हे काय आहे?”

मीही बघितलं. महिनाभर त्या भिंतीसमोर राहून मला ते दिसलं नव्हतं, इतका मी माझ्या असुरात गुंतलो होतो. लाटांमधून एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली वर येत होती, आणि तीत सुरमईची तळलेली तुकडी होती. कडेनं रवा लागलेला. शेजारी लिंबाची फोड.

चौदावं रत्न काकांना आठवलं नव्हतं. कुणाला विचारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. श्रावणाचा तो शेवटचा आठवडा होता आणि जीव कासावीस झालेला. हात आपोआप गेला असणार. पण चूक कबूल करतील तर ते काका कसले? “समुद्रातसून धनुष्य वर येता,” ते म्हणाले, “आणि सुरमई येवची नाय?”

भटजींनी पळी-पंचपात्र पिशवीत भरायला घेतलं. गणपती पाटावर, आरतीची तयारी झालेली, दारात माणसं, आणि आत हे दोघे चौदाव्या रत्नावरून हातघाईवर. शेवटी काकी उठल्या, माझ्या खाटेवरच्या खिळ्याचं माझं कॅलेंडर काढलं आणि सुरमईवर लटकवलं. पूजा झाली. पाच दिवस समुद्रमंथनातून देवांना सप्टेंबर महिना मिळत होता. विसर्जन करून आल्यावर काकांनी पहिलं काम काय केलं असेल, तर कॅलेंडर काढलं. पुढचे अकरा महिने ती तुकडी माझ्या उशाशी. रविवारी खानावळीचा डबा आला नाही की तिच्याकडे बघत मी कोरडा पाव खायचो, हे मी कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या वर्षी माझं लग्न ठरलं. एका खोलीत, तीही श्रावणात भिंतीनं बळकावलेली, संसार कसा मांडायचा या विचारानं मला झोप येईना. नेमका त्याच सुमाराला काकांचा मुलगा आला. तो बोरिवलीला राहायचा, सरकारी नोकरी, सोसायटीत नवा ब्लॉक घेतलेला. सज्जन माणूस. मला बाहेर चहाला घेऊन गेला.

“आईबाबांना आता तिकडे न्यायचं म्हणतोय. गणपतीही तिकडेच बसेल. दोन्ही खोल्या तुम्हीच घ्या ना. बाबा ऐकत नाहीत. म्हणतात, इंजिनेराला भिंतीची सवय झालीय, त्याला करमायचं नाही. खरं सांगा, तुम्हाला त्रास होतो ना दर वर्षी?”

त्याच्या ब्लॉकची भिंत मी पाहिली होती. बदामी ऑइलपेंट, आरसा दिसावा अशी गुळगुळीत. गणपती तिथे गेला की काकांची भिंत संपली, हे मला स्वच्छ दिसत होतं. ‘नाही हो, कसला त्रास’ एवढे चार शब्द बोललो असतो तर म्हातारा आणखी काही वर्षं तग धरून राहिला असता. पण माझ्या डोळ्यांसमोर नीळ लागलेले शर्ट आले, वळकटी आली, दारातली गर्दी आली, आणि दोन खोल्या आल्या.

“होतो,” मी म्हणालो. “खूपच होतो.”

काका-काकी बोरिवलीला गेले. रंगाच्या बरण्या तेवढ्या काका माझ्या माळ्यावर ठेवून गेले, “तिकडे जागा नाय” म्हणून. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं ते हेच, असं मी मनाशी म्हणालो. लग्नाआधी दोन्ही खोल्यांना पांढरा रंग मारून घेतला. बायको आली, तिनं त्या भिंतीला टेकून कपाट लावलं, आणि मी चार वर्षांत पहिल्यांदा माशांच्या पहाऱ्याशिवाय झोपलो.

त्या वर्षी गणपतीला आम्ही दोघं बोरिवलीला दर्शनाला गेलो. थर्माकोलचं मखर, त्यावर लुकलुकणारे दिवे, सूनबाईंनी कौतुकानं केलेले पातोळे. सगळं नीटनेटकं. काका मात्र गॅलरीत, गणपतीकडे पाठ करून बसलेले.

“आत चला ना,” मी म्हटलं.

“काय बघू? देवाच्या पाठीमागे काय असा? बदामी!” ‘बदामी’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू मीच त्यांच्या तोंडात कडू बदाम घातला होता.

पुढच्या श्रावणातल्या पहिल्या रविवारी दारावर थाप पडली. काका. दोन बस बदलून आलेले, तोंडात शिंदीची काडी. आत आले, कपाटाकडे बघून नाक फेंदारलं, खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. बायकोनं चहा दिला. त्यांनी पेज मागितली. तिनं साध्या तांदळाची करून दिली तर म्हणाले, “हेनां रंग चिकटूचो नाय.” तिनं विचारलं, “तुम्हाला प्यायचीय ना?” त्यांनी वाटी बाजूला सारली. तासाभरानं उठून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी माझा संयम सुटला.

“काका, काढायचंय ना? मग काढा. मी कपाट हलवतो. भिंत तुमचीच आहे.”

“गणपती नाय आणि भिंत रंगवू?” ते उसळले. “मी काय बोर्ड रंगवणारो असंय?”

“मग येता कशाला?”

“बघूक.”

काय करावं अशा माणसाचं? काढ म्हटलं तर काढत नाही, येऊ नका म्हणायची सोय नाही. तो गेल्यावर मी बराच वेळ बडबडत होतो. बायको तांदूळ निवडत ऐकत होती. मग म्हणाली, “एवढा त्रास करून घेण्यापेक्षा गणपतीच आण ना घरी.”

आमच्या घराण्यात गणपती बसवत नाहीत. आईचं तातडीनं पत्र आलं, की आपल्यात नाही ते नसतं खूळ काढू नका, एकदा आणला की पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो. मला ते पटत होतं. मला मुळात गणपती नकोच होता. मला तो म्हातारा माझ्या खुर्चीत बसून पांढऱ्या भिंतीकडे बघतोय हे बघवत नव्हतं. आणि ते माझ्यामुळे होतं, हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

चौथ्या रविवारी मी त्यांना सांगितलं, “मूर्ती सांगून आलोय. फूटभर उंचीची. शाडूची.”

काडी तोंडातून बाहेर आली. “एकदा गणपती घरात हाडलंस काय मगे सोडूक गावचो नाय. मी मेलंय तरी.”

“माहीत आहे.”

“माळ्यावरच्यो बरण्यो काढ.”

श्रावण संपत आलेला, हातात जेमतेम दहा दिवस. ते आमच्याकडेच मुक्कामाला राहिले. बायकोच्या नाकी नऊ आणले त्यांनी. तिच्या पोळपाटावर गेरू खलला. उकडा तांदूळ शोधायला मला तीन दुकानं हिंडवलं. तिचं नवं कपाट मोरीच्या दारात येऊन उभं राहिलं. विषय विचारायची गरजच नव्हती. हात आता थरथरायचा, लांब रेघ एका दमात येत नसे, पण मासा काढताना थरथर कुठे जायची कुणास ठाऊक. आठव्या दिवशी म्हणाले, “वळकटी घे.”

मी उभा राहिलो. दारात पुन्हा मंडळी जमली, बायको तोंडाला पदर लावून हसत होती. हळूहळू माणसं पांगली, ती चहा टाकायला आत गेली, आणि आम्ही दोघंच उरलो. हात भरून आले होते. का कोण जाणे, त्या अवस्थेत मला बोलता आलं.

“काका, तुमच्या मुलानं मला विचारलं होतं, त्रास होतो का म्हणून. मी हो म्हणालो. तेव्हा नाही म्हणालो असतो तर तुम्ही इथेच असता.”

त्यांची काडी थांबली नाही. “माका म्हायत असा. झिलान त्याच दिवशी सांगितल्यान.”

मुलानंच सांगितलेलं, म्हणजे गॅलरीत बसले होते तेव्हा माहीत होतं. दोन बस बदलून चार रविवार आले तेव्हाही माहीत होतं. वळकटी माझ्या हातातून खाली सरकायला लागली.

“हात खाली घेव नको,” ते म्हणाले. “सोडलंस तर वासुकी खाली पडतलो.”

चतुर्थीला काकी बोरिवलीहून आल्या. त्याच भटजींनी बोटं मोजली. चौदा. धनुष्यही होतं, चांगलं ठसठशीत. भटजींचा चेहरा खुलला. मी मात्र माझा असुर बघत होतो. तोच, चष्म्यासकट, फण्याला धरून ओढणारा. आणि त्याच्या पायाशी, लाटेच्या कडेला, जर्मनची ताटली. तीत सुरमईची तुकडी, शेजारी लिंबाची फोड. वाढून ठेवल्यासारखी.

दुपारी जेवणं झाल्यावर काकी भिंतीसमोर उभ्या राहून एकेका असुरावर बोट ठेवत होत्या. “ह्यो ह्येंच्या वांगडा रंग कालवायचो. ह्यो देवीचे वण असलेलो, आमचो शेजारी. ह्यो संपात गावाक गेलो, तो परत येवकच नाय.”

“हे सगळे गिरणीतले?”

“मगे? असुर कोण? रंगखात्यातलेच. ओढूचा तेंनी, आणि अमृत दुसऱ्याक.” मग माझ्या असुरावर बोट ठेवून म्हणाल्या, “भायरचो असो तू एकलोच.”

“आणि देव सगळे सारखेच का हो काकी?”

“ह्येनी खय बघितल्यानी देव?” त्या म्हणाल्या. “बघितल्यानी ती माणसा.”

चार वर्षं मी ज्या अपमानावर कुढत होतो तो मान होता, हे मला त्या दुपारी कळलं. आणि मी त्या माणसाला त्याच्या भिंतीपासून हुसकून लावलं होतं. मला फार वाईट वाटलं. काका खुर्चीत पेंगत होते, मिशीला नीळ लागलेली. ते जागे झाले तेव्हा मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “काका, भिंत झकास झालीय.” तर म्हणाले, “धनुष्य सोडून.”

त्याच हिवाळ्यात बोरिवलीला ते वारले. मुलगा सांगायला आला होता. भिंतीकडे बघून थोडा वेळ उभा राहिला आणि चहा न घेता गेला.

पुन्हा श्रावण लागला. बायको म्हणाली, “असू दे ना यंदा तशीच. आता पुसून काढणार कोण?” मलाही तेच हवं होतं. चाळीतल्या चौघांनी तेच सांगितलं. पण उष्ट्या पानाचं ते वाक्य कानातून जाईना. मेल्यावरसुद्धा माणसानं एवढं डोकं खावं? शेवटी एका रविवारी बादलीत चुना भिजवला. देव आधी पुसले, ते सोपं होतं. मग मासे, मग एकेक असुर. नीळ पहिल्या हाताला वर येते, दुसऱ्यालाही येते. तीन हात मारावे लागले. सगळ्यात शेवटी ती ताटली राहिली. तिच्यासमोर मी कितीतरी वेळ कुंचला धरून बसलो होतो, आणि रडलोही.

चतुर्थीला भटजी आले. पाटावर बसले, सवयीनं वर बघितलं, बोटं उचलली आणि तशीच मांडीवर ठेवली. मग त्यांनी पूजा सुरू केली.

तेव्हापासून दर वर्षी असंच. श्रावणात मी चुना मारतो. पान घासूनपुसून लख्ख करतो आणि पाहुण्यासमोर मांडतो. वाढणारा तेवढा नाही. आणि गणपती काही आता सोडता येत नाही. ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.